काकूंचं वजन वजा करून

६ जानेवारी
— पाणी भरून झालं होतं, चहा उकळत होता, मी फरशी पुसत होते आणि हे दारात उभे, आमच्या आठ दिवसांच्या लेकीला हातावर तोलत. हमाली करणारा माणूस. "जन्मभर ओझी उचलली, अशी हलकी पहिलीच," म्हणाले. आज फरशी पुसताना तेच आठवलं. आता दारात कुणी नसतं. तरी तेवढी जागा मी बाजूने जाऊन पुसते.

९ जानेवारी
आशाताईच्या फेरीत नवं बाळ तपासायला शिंप्याकडे गेले. तिसरीही मुलगीच. शिंप्याची आई, काकू, भिंतीकडे तोंड करून काजं करत बसलेल्या. "मी तिला हात लावायची नाही, सांगून ठेवते." सून रडून सुजलेली. तिला धड बसवून पाजायला लावणारं कुणी नाही. पंधरवडा झाला, बाळाचं वजन वाढायचं सोडून उतरतंय. मला भीती वाटते.

१० जानेवारी
दवाखान्यात बैठक. साहेबांनी तक्ता लावला — हजार मुलांमागे आपल्या भागात मुली किती कमी. आम्ही सगळ्यांनी आकडा वहीत उतरवला. घरोघरी जाणाऱ्या आम्हीच. कमी पडलेल्या मुलींची घरं आम्हाला ठाऊक आहेत.
येताना वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली. हे असते तर म्हणाले असते, दे इकडे, वाचायची तू, उचलायची मी.

१२ जानेवारी
आज दवाखान्यातला उभं राहायचा काटा घेऊन गेले. म्हटलं, "काकू, झोळीचा काटा बिघडलाय. कुणीतरी बाळाला घेऊन यावर उभं राहायचं, मग उभं राहणाऱ्याचं वजन वजा करायचं."
"तू रहा की."
"मग आकडा कोण वाचणार?"
"सून?"
"टाके ओले आहेत तिचे."
काकू उठल्या. "माझं वजन मोठ्याने सांगशील तर याद राख."
"हलू नका हं, काटा थरथरतो."
पहिल्यांदा हलल्या. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दगडासारख्या उभ्या राहिल्या, श्वास धरून. पोरीने त्यांचा पदर मुठीत पकडला. आकडा केव्हाच वाचून झाला होता. मी चष्मा पुसत बसले.
"झालं का गं?"
"थांबा जरा."
उतरल्यावर सुनेवर खेकसल्या, "हिच्यात काही नाहीच! ऊठ, बस नीट, पाज तिला."

१३ जानेवारी
काकूंचा निरोप — उद्या काटा आणशील ना?

२ फेब्रुवारी
काल काकू स्वतःच पोरीला घेऊन दवाखान्यात. "हिचं वाढलंय. माझं घटलं असेल तर तेही सांग." पोरीचं वाढलं होतं. काकूंचंही.
आज झोळीचा काटा ट्रंकेतून काढला, पुसला आणि पिशवीत ठेवला. तो बिघडला नव्हताच.