बाबांचा खिमा-पाव

रविवार संध्याकाळ, अवोन्डेल

आज बाबांचा दहावा. तिकडे पुण्यात पिंड ठेवला, इथे मी घरामागच्या लाकडी डेकवर खिमा-पाव. त्यांचा रविवारचा नाश्ता. न्यूझीलंडमध्ये कावळे नसतात, हे ताटली ठेवल्यावर आठवलं. हुशार मी! शेवटी एक सीगल आला आणि पाव घेऊन उडाला. खिमा तसाच. बाबा बरोबर उलटं करायचे. खिमा संपवून पाव माझ्याकडे सरकवायचे.

आईचा व्हिडिओ कॉल आला. "इथे लगेच शिवला गं कावळा. तिकडे?"

"शिवला."

"सोयाचा खिमा नाही ना केलास? चिडतील."

"मटणाचाच."

"रडलीस?"

"नाही अजून."

नंतर कढईतला खिमा मी उभ्यानेच संपवला. पाव उरला. कुणाकडे सरकवू?