केसरबाईची पेटी

सौंसर, २४ नोव्हेंबर १९८६

प्रिय अनू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. बोरगावचे पाहुणे म्हणतात मुलगी पसंत, पण पांढुर्ण्याची नोकरी सोडावी लागेल. तू राजीनामा लिहून ठेवलास, आम्ही म्हणू तेव्हा देशील. काय ठरलं ते सांगते, पण आधी माझं ऐक.

शनिवारी मी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेले. नारळ फोडला आणि घरी यायचं सोडून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. तुझ्या बाबांना बोलले नव्हते. ते भाडंही मी हिशेबात देवधर्माखालीच लिहिलं. तिथे संत्र्यांच्या वखारीत तू पाठमोरी उभी राहून ट्रक भरून घेऊन राहिली होतीस. मी संत्र्यांच्या ढिगाआड पेट्या भरणाऱ्या केसरबाईजवळ बसले, काम मागायला आले म्हटलं. तिनं मला खालून वर पाहिलं. म्हणे, "लुगडं तं मोठं इस्तरीचं हाय वो, पेटी भरता येते का?"

मग तीच सांगू लागली. मागच्या वर्षी आडोसा नव्हता म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. दुपारी चक्कर यायची, हातातलं संत्रं दबायचं, आणि मालक म्हणायचा बाया आळशी. तू देखरेखीला आल्यावर आधी बांबूच्या तट्ट्यांचा संडास उभा केलास, माठ ठेवलेस. मजुरी तीच, पण यंदा एकही बाई दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली नाही. आणि जिनं पेटी भरली तिचं नाव पेटीवर! केसरबाईला अक्षर येत नाही, तरी आपली पेटी ती लांबून ओळखते. म्हणे, "नागपूरचा अडत्या माही पेटी मागते. आता दबलं संत्रं कसं घालू वो माय? नाव हाय ना त्याच्यावर." मी आपलं पेटीतलं तणसाचं गवत सारखं करत बसले. तू वळलीस तशी उठून निघून आले.

काल पाहुणे आले. तुझ्या बाबांच्या आधी मीच बोलले, मुलगी नोकरी सोडणार नाही. चिवडा तसाच टाकून ते उठले. तेव्हा अनू, तो राजीनामा चुलीत घाल, हेच कळवायला हे पत्र. बाबांची काळजी करू नकोस. पाहुणे गेल्यावर मी त्यांना पांढुर्ण्याचं, केसरबाईचं सगळं सांगितलं. जेवताना पोळी मोडत म्हणाले, "ते केसरबाईच्या पेटीचं पुन्हा एकदा सांग."

तुझ्या कामाचं कौतुक करणारी, तुझीच,
आई