दोन बोटं जास्तीची सीट

९ फेब्रुवारी
बस बंद! पुलापलीकडे जाणारी सकाळची एकुलती एक. आता शाळेच्या ग्रंथालयात वेळेवर पोचायचं कसं? मोठ्या बाई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत उशीर चालवून घेईन. पुढे मात्र दुसरं कुणी बघावं लागेल." अगदी गोड आवाजात. त्या आवाजाचीच धास्ती वाटते. ही नोकरी मला सोडायची नाही! आतून कडी लावता येईल अशी आख्खी खोली मला घरातसुद्धा नाही.

१० फेब्रुवारी
भावाची जुनी सायकल आणली. शाळेत असताना चालवायचे, म्हणजे येतेच. नवऱ्याचा आनंद गगनात मावेना. हे शिंपी. सगळं गाव 'मास्तर' म्हणतं, म्हणून मीही. "सायकल अंगाला बसली पाहिजे," म्हणाले, आणि गळ्यातली टेप काढून मला भर अंगणात भिंतीला टेकवून उभं केलं! समोरच्या काकू गॅलरीतून वाकून बघत होत्या.
"काय शिवताय?"
"सायकल," मास्तर म्हणाले.

१२ फेब्रुवारी
मास्तरांनी त्या मापाने सीट बसवली. पहिली फेरी. अंगठ्याच्या टोकाने पेडल शोधत गेले. काकू म्हणतात, बदकासारखी डुलत होतीस. पुलापर्यंत जाऊन परत — कंबर गेली कामातून. मास्तरांचं म्हणणं, नवा कपडा दोनदा धुतल्याशिवाय अंगाला बसत नाही.

१३ फेब्रुवारी
मांड्या. दोन्ही. आज एवढंच.

१५ फेब्रुवारी
मनगटं बधिर. पुस्तकांवर शिक्के मारताना शिक्काच हातातून निसटला. अर्धी वाट सायकल हातात धरून चालले, त्यामुळे उशीर. मोठ्या बाई घड्याळाकडे बघून हसल्या. हसल्या!
घरी आल्यावर म्हटलं, "एकदा तुम्हीच बसून बघा ना."
"ट्रायल गिऱ्हाइकाने द्यायची. शिंपी कधी गिऱ्हाइकाची पँट घालून बघतो?"
वर म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं! रात्रीच्या भाजीत मीठ टाकलं नाही. मास्तर तसंच जेवले.

१८ फेब्रुवारी
कडाक्याचं भांडण. मी म्हणते सीट उंच आहे, हे म्हणतात टेप खोटं बोलत नाही. शेवटी भानगड कळली. पायाची आतली लांबी बरोबर घेतली, आणि वर दोन बोटं माया सोडली — पँटीच्या खाली दुमडायला सोडतात तशी!
"असावी. पुढे लागली तर?"
मी बेचाळीस वर्षांची. माझे पाय आता काय वाढणार आहेत!
सासूबाई कोपऱ्यात वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, मशीनपुढचं तुझं स्टूल का नाही दोन बोटं वाढवत?"
मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. मग उठून मशीनपुढे बसले आणि पायडल हलवत स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले. पाय पार खाली गेला तरी गुडघा जरासा वाकलेलाच. पाना घेऊन अंगणात गेले. सासूबाईंना मी वाटाणे सोलू लागले.

१९ फेब्रुवारी
सीट उतरली. टाच ठेवली की पाय सरळ, चवडा ठेवला की गुडघ्याला किंचित बाक. हँडलही वर आणि जवळ घेतलं. पुलाचा चढ खाली न उतरता चढले! उतारावर मोठ्याने गाणं म्हटलं. ऐकायला फक्त एक म्हैस होती.

२० फेब्रुवारी
मोठ्या बाईंच्या आधी पोचले. त्या आल्या तेव्हा अर्धं कपाट लावून झालं होतं. "अरे वा. मग आता दुसरं कुणी शोधत नाही," म्हणाल्या. खोलीत जाऊन कडी लावली आणि एकटीच खूप हसले.

२७ फेब्रुवारी
संध्याकाळी मास्तर अंगणात आले. उगाच टेप गुंडाळत, उलगडत. म्हणाले, "तुझं ग्रंथालय बघायचं होतं एकदा. पण बस नाही ना."
"मग भावाची दुसरी सायकल आणू की!"
टेप पुन्हा गुंडाळली. मग हळूच, "मला सायकल येत नाही गं. कधीच येत नव्हती."
म्हणून ट्रायल गिऱ्हाइकाने द्यायची! उद्या पहाटे आम्ही दोघं सायकल घेऊन मैदानात जातोय. काकू उठायच्या आत.