डेझीचे चार पाय

हेथरविक, २ मार्च १९८६

ती. नोराताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. बेथनी हाउसचं छप्पर दुरुस्त झालं नाही तर तुम्हा सगळ्या आजारी माणसांना न्यूकॅसलला हलवणार, असं असताना देणग्या जमवायला धावायचं, तर मी नाही कसा म्हणेन? पण लंडनची मॅरेथॉन दोघांनी एका कातड्यात शिरून डेझी घोडीच्या सोंगात धावायची, आणि मागचे पाय कथबर्टचे, हे तू पाद्रीबाबांना सांगून परस्पर ठरवलंस! नाताळच्या नाटकात घोडी होऊन दहा मिनिटं नाचणं वेगळं. त्याच्याशी मी पाच वर्षं बोललेलो नाही. आपल्या बाबांनी लीकच्या भाजीला घालायच्या खताची कृती मरताना फक्त मला सांगितली. त्या खतावर पोसलेल्या माझ्या लीकपेक्षा याचे लीक जाड? प्रदर्शनाला ते त्याने बाहेरून विकतच आणले असणार. तसं तोंडावर विचारलं, तर पाठ फिरवून चालता झाला.

रिडली खाटकाने सगळ्यांत मोठी देणगी कबूल केलीय, पण अट घालून: घोडी चारही पायांनिशी पोचली पाहिजे. गावाला दया आलेली नाही, ताई, गंमत बघायचीय.

माझ्या टाचेवर पाय देऊ नको म्हणावं त्याला. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
विल्फ्रेड

हेथरविक, ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विल्फदादा वळताना सांगत नाही. कातड्याच्या आत मला त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. काल तो उजवीकडे वळला, मी सरळ गेलो, आणि डेझी टपालपेटीला मिठी मारून उभी राहिली. पत्र टाकायला आलेली डॉडबाई आधी तोंडाला गुड मॉर्निंग म्हणाली, मग वळसा घालून मला. शिवाय सरावाआधी तो व्हिनेगरमधले कांदे खातो. पुढच्याचं काय जातं? भोगतो मागचा.

लीक माझ्या परसातलेच होते गं. ते कशावर पोसले हे सांगितलं असतं तर तिथेच मिटलं असतं, पण मीही शपथेने बांधलेला आहे. आठवण ठेव, म्हणजे पाय चालतील.

तुझा,
कथबर्ट

बेथनी हाउस, १४ मार्च

चि. विल्फ्रेड व चि. कथबर्ट यांस,
अ. उ. आ.

एकाच पाकिटात दोघांना लिहिते आहे. ते कुणी फोडायचं यावरून भांडू नका. विल्फ, बोलायचं नसेल तर खिंकाळ. एकदा उजवीकडे, दोनदा डावीकडे. आणि कांदे बंद.

माझ्या उशाशी बादली ठेवलीय, पाऊस आला की तिच्यात थेंब वाजतात. त्याचं काही नाही. पण न्यूकॅसलला नेलं तर खिडकीतून समुद्र दिसणार नाही, आणि तुमच्या रविवारच्या फेऱ्याही बंद होतील. मला फार भीती वाटते रे.

तुमची वाट पाहणारी,
ताई

लंडन, २१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचलो! चारही पायांनी.

शेवटचे काही मैल उरले असताना माझ्या पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्यात बसकण मारली. दादा खिंकाळला, पुन्हा खिंकाळला. मी हलेना. मग कातड्याच्या आत त्याचा आवाज आला, पाच वर्षांनी. म्हणाला, ऊठ गाढवा. बाबांची खताची कृती तुला देतो, मैलाला एक जिन्नस. जीव गेला तरी दादा जी सांगणार नाही, ती कृती! उठलो.

पहिल्या मैलाला धुराड्याची काजळी. म्हटलं, ती सगळेच घालतात. दुसऱ्याला शिळी बिअर. तिसऱ्याला मेंढीच्या लेंड्या, त्याही काळ्या मेंढीच्या, आणि माझे कान टवकारले. शेवटचा जिन्नस त्याच्याआधी मीच बोललो. ही माझीच कृती, ताई! बाबांनी मलाही ‘फक्त तुलाच सांगतोय’ म्हणूनच सांगितली होती. डेझी शेवटच्या रेषेच्या अलीकडे थबकली आणि दोन्ही टोकांनी हसू लागली. लोकांना वाटलं घोडीला झटका आला, पाणी घेऊन धावले. दादा रडतही होता, पण ते त्याला लिहायचं नाहीये.

शेवटचा जिन्नस कागदावर उतरवत नाही. शपथ ती शपथ. रविवारी दोघे एकाच गाडीने येतो.

तुझा,
कथबर्ट

बेथनी हाउस, २५ एप्रिल

चि. विल्फ्रेड व चि. कथबर्ट यांस,
अ. उ. आ.

रिडलीने तोंड वाकडं करून का होईना, दिलेला शब्द पाळला. सोमवारी कौलं येतात. मी इथेच राहणार. तुमचं पत्र दिवसभर उराशी धरून होते.

शेवटचा जिन्नस लिहिला नाहीत ते बरं केलंत. कोंबडीची जाळलेली पिसं. बाबांनी मलाही सांगितला होता, भावांना कळू देणार नाही अशी शपथ घालून. तुम्हा दोघांकडेही तीच कृती असणार हे मी ओळखलं होतं, पण शपथ काही मोडवेना. मग म्हटलं, निदान तुम्हा दोघांना एका कातड्यात तरी घालावं.

दोघांवर सारखाच जीव असलेली,
ताई