नखांतला निळा रंग

अण्णा, तुमच्या रंगखात्यातली एक गोष्ट माझ्या दवाखान्यात कामाला आली, ती तुम्हाला सांगायची आहे.

कोरोनाच्या साथीत सोलापुरातले माग बंद पडले होते, तेव्हा एक बाई सहा-सात वर्षांच्या पोरीला पाठुंगळी घेऊन आली. काही दिवसांपूर्वी घरात सगळ्यांना ताप येऊन गेलेला. आता पोरीच्या पायाची बोटं जांभळी, सुजलेली, आणि वरून सोललेली. नवरा तुमच्यासारखाच टॉवेलच्या कारखान्यात रंगारी. पोरीनं त्याच्या रंगाच्या डब्यात पाय घातले असं समजून आईनं वजरीनं घासघासून कातडं काढलं होतं. रडत म्हणाली, "घासलं तर लईच वाढलं की हो. बोटं कापाय लागत्याल का?"

मी बोटं हातात घेतली. नखांच्या कडा स्वच्छ, भेगांत रंगाचा ठिपका नाही. रंग असता तर आधी तिथंच बसला असता. हे मला कुठल्याही प्राध्यापकाच्या आधी तुमच्या हातांनी शिकवलं. दिवाळीची पहिली आंघोळ, तुम्ही पाटावर बसलाय, मी वजरी घेऊन तुमचे निळे हात घासतेय आणि तुम्ही ओरडताय, "अगं ए, रंग न्हाय, कातडं निघालंय! त्याचं त्यो जाईल की."

साथीत काही मुलांच्या हातापायांची बोटं अशी होतात, हे मी वाचलं होतं. हिची त्या तापामुळंच झाली, असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पण पाय गरम होता, नाडी नीट लागत होती. कापायचा प्रश्नच नव्हता. सोललेल्या जागी लावायला मलम दिलं आणि म्हटलं, "घासू नका. त्याचं ते जाईल." म्हणताना आवाज अगदी तुमच्यासारखा चढला. महिन्याभरानं पोरगी दवाखान्याच्या पायऱ्या उड्या मारत चढली. आई हसत म्हणाली, "व्हय की, आपसूकच गेलं!" मला इतका अभिमान वाटला, अण्णा. तुमचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडा माझाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर आणखी एक सांगून टाकते. तुमच्या शेवटच्या आंघोळीला काका तुमची नखं घासायला बसले होते. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, हा रंग निघत नाही. निघाला असता, अण्णा. मलाच तो राहू द्यायचा होता.