साहेबांची पसंती

३ ऑगस्ट
मागचा डावा टायर फाटला. परभणीच्या दुकानात एकच मागितला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, हिची चारी चाकं ओढतेत. एकच नवा टाकला तर आतून गाडी खराब व्हती. बदलायचे तर चारी." मग विचारलं, "सायब जास्त कुठं नेतेत गाडी?"
"शेतातल्या घरी, आखाड्यावर जातात," मी म्हणाले.
जातात! माघात गेले हे. शाळेत पोरांना काळ शिकवते मी, आणि स्वतःच चुकले. दुरुस्त केलं नाही.

५ ऑगस्ट
भाऊजी आले होते. "वहिनी, आखाड्यावर आता कोण जायलंय? रोडचे टायर टाका, गुपचूप पळतेत. न्हाईतर गाडीच काढून टाका."
कोण जायलंय म्हणे! सख्खा भाऊ ना? आखाड्याच्या बांधावरच्या बाभळीजवळ अग्नी दिला ह्यांना. पावसाळा लागल्यापासून त्या काळ्या चिखलात मला एकदाही तिथवर जाता आलेलं नाही. चहा दिला. ते गेल्यावर भांडी घासताना रडू फुटलं.

८ ऑगस्ट
दुपारी दुकानदाराचा फोन. मी मागवलेले चिखलातले, खोल नक्षीचे टायर आलेत. "पण रोडवर लय आवाज करतेत. सायबांना चालंल न्हवं? एकदा पाठवा त्यांना."
सांगायला हवं होतं. "कामात आहेत," म्हटलं.
परभणीत एक माणूस ह्यांची वाट बघतोय. वेडेपणा आहे, कळतंय. तरी दिवसभर बरं वाटलं.

११ ऑगस्ट
बसवले. चाकांखाली लिंबं ठेवली त्यानं. "सायबांना म्हणावं, आधी जरा हळू चालवा."
परतताना पूर्णेपर्यंत टायरांची नुसती घूंघूं. एरवी मी डावीकडे बसायची, ह्यांच्या वेगावर टोमणे मारत. आज ती सीट रिकामी, आणि टोमणे मारायला कुणी नाही. गाडी कडेला घेऊन मनसोक्त रडले.
रात्री लेकीचा फोन. "आई, रोडचे का नाही घेतलेस? एकटी जाऊ नकोस हं चिखलात."
हो म्हटलं. अजून काय म्हणणार.

१४ ऑगस्ट
गाडीतच लिहितेय. डांबरी संपते त्या वळणावर उभी आहे. भुरभुर चालूच. पुढं बाभळीपर्यंत सगळं काळं, लोण्यासारखं. हे असते तर शीळ घालत गेले असते. मी इथंच इंजिन बंद करून बसलेय.
आत्ताच दुकानदाराचा फोन येऊन गेला. "ताई, सायब काय म्हणाले? आवडले का टायर?"
म्हटलं, "त्यांच्याकडंच निघालेय. विचारून सांगते."