दाराजवळची खुर्ची

प्रिय घुबडे,

हे वाचून तोंड वाकडं करशील, माहीत आहे. पण सहाव्या वर्षी तुला पहिला चष्मा मीच बसवून दिला आणि त्या गोल काचांतून तू दुकानभर डोळे वटारत फिरलीस, तेव्हापासून तू घुबडच. आता चौतिसाव्या वर्षी नाव बदलणं मला जमायचं नाही. आई बरी आहे. तुझ्या मैत्रिणीचा पत्ता तिनेच दिला, पण पत्र तुमचं तुम्ही लिहा म्हणाली. काच घासायचं मशीन अजून कुरकुरतं. तुझ्या स्टुलावर मी कोणाला बसू दिलेलं नाही, त्यामुळे कामं तुंबलीत आणि गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडतात.

मुद्द्यावर येतो. माझ्या हातून एक भानगड झालीय आणि ती निस्तरायची कशी हे कळेनासं झालंय. तू गेल्यावर आईने कुठूनशी माहिती काढली की ग्रंथालयामागच्या इमारतीत दर रविवारी अकरा वाजता दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते, आणि त्यांच्या घरच्यांची वेगळी, वरच्या मजल्यावर. तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून मला पिटाळलं. नेमकी माझ्या चष्म्याची दांडी तुटलेली. चाळीस वर्षं लोकांना चष्मे देणाऱ्या माणसाला दारावरची पाटी वाचता येईना, आणि कोणाला विचारायची लाज वाटली. खालचं दार उघडं होतं, शिरलो.

गोल मांडलेल्या खुर्च्या, दाराजवळची एक रिकामी, तीत बसलो. चहा मिळाला. एका निवृत्त बसचालकांनी मायेनं विचारलं, किती दिवस झाले? मला वाटलं, तू घर सोडल्याला. अकरा, म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्रावलोच. माझी मुलगी गेली आणि हे टाळ्या काय वाजवतात? मग शेजारचा वायरमन, शेवटचा घोट कधी घेतला ते सांगू लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उठायला हवं होतं. पण ते अकरा दिवस मी कसे काढले ते आजवर कोणी विचारलंच नव्हतं गं, आणि इथे टाळ्या मिळाल्या. बसून राहिलो.

तो वायरमन म्हणाला, बायकोने बाटली पकडली की मी हसायचो. ती म्हणायची निर्लज्ज आहेस. आणि हसताना मला वाटायचं, धरणी पोटात घेईल तर बरं. माझा चहा तसाच हातात राहिला. कारण तू घर सोडलंस त्या दिवशी पोस्टमास्तर तू बसवलेला चष्मा परत घेऊन आले, उजवी काच डावीकडे, जिन्यावरून पडता पडता वाचलेले, आणि मी ओरडलो तेव्हा तू हसलीस. त्या हसण्यानेच माझं टाळकं सटकलं आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, मी ते वाक्य बोललो. इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

पुढच्या रविवारी चष्मा नीट घालून गेलो, पाटी वाचली आणि तरीही खालीच शिरलो. का, विचारू नकोस. बोलायची पाळी आली तेव्हा तुझी गोष्ट माझी म्हणून सांगितली. काचा पुसायच्या द्रावणाची बाटली, तिच्यात भरलेली दारू, सकाळी थरथरणारे हात. पण एक गोष्ट खरोखर माझी होती आणि तीच सांगायला जीभ वळली नाही. त्या बाटलीचा वास मला दोन वर्षं येत होता. मी ती उचलून मागच्या फळीवर ठेवायचो आणि गप्प बसायचो. दोन वर्षं गप्प, आणि मग एकदम ते वाक्य.

गेल्या रविवारी मला नव्वद दिवसांचं पदक दिलं. आयुष्यात थेंब न चाखलेल्या माणसाला! बसचालकांनी मिठी मारली. वायरमन दोनदा पुन्हा दारूकडे घसरून परत आलेला, तो म्हणाला, काका, तुमच्याकडे बघून टिकलोय. आता बोल. खरं सांगितलं तर त्याचा धीर सुटेल का? नाही सांगितलं तर मी तिथे नेमका कोण? पदक स्क्रूंच्या खणात ठेवलंय. रोज खण उघडतो आणि स्क्रू न घेताच बंद करतो.

रविवारी सगळं सांगून टाकायचं ठरवलंय. रागावतील, हाकलतील, काही कळत नाही. मग जिना चढून वर जाईन, जिथे पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. तुला घरी ये म्हणायला हे पत्र नाही, ते म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. पण खालची ती खुर्ची दाराजवळ आहे, नकोसं झालं तर चटकन निघता येतं. चहा बरा असतो. तेरा रविवार मी तिथे का बसत होतो, ते मलाच उमगत नव्हतं. आज लिहिता लिहिता वाटतंय, तुझी जागा धरून बसलो होतो. तू आलीस की मी उठतो.

तुझाच, अजून खालीच बसलेला,
बाबा